‘संवाद : कादर खान’ ही ओळ कुठे गेली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत हिंदी विनोदपटांवर आलेला दीर्घ लेख मी आवडीने वाचला. लेखकाने हे चित्रपट मनापासून पाहिले आहेत, हे त्यातल्या बारीकसारीक उल्लेखांवरून कळते. मात्र त्या लेखात कादर खान यांच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आले असून त्यात ‘गोविंदाच्या बापाच्या किंवा सासऱ्याच्या भूमिका रंगवणारे विनोदी नट’ एवढीच त्यांची ओळख दिली आहे. लेखाशेजारच्या चौकटीत लोकांच्या तोंडी बसलेली काही वाक्ये छापली आहेत. त्यांतले पहिलेच वाक्य ‘शराबी’मधील नत्थूलालच्या मिशांचे आहे आणि त्याखाली अमिताभ बच्चन यांचे नाव आहे. वाक्य बच्चन यांनी उच्चारले, हे खरे. परंतु त्या चित्रपटाचे संवाद कादर खान यांनी लिहिले होते आणि त्यांचे नाव त्या चौकटीत कोठेही नाही. दीड वाक्याच्या या तक्रारीसाठी एवढे लांब पत्र का, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण ही चूक एका लेखापुरती नाही, आपणा सर्वांच्याच सवयीची आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मी तंत्रनिकेतनात तीस वर्षे स्थापत्यशाखेच्या मुलांना शिकवले. कादर खानही मूळचे त्याच पेशातले, म्हणून त्यांच्याविषयी मला पहिल्यापासून थोडे जास्त कुतूहल आहे. भायखळ्याच्या साबू सिद्दीक अभियांत्रिकी महाविद्यालयात सत्तरच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत ते स्थापत्यशास्त्र शिकवत होते. त्यांचा जन्म काबूलचा. आधीची तीन भावंडे लहानपणीच गेल्यामुळे आईने या मुलाला घेऊन तिथून निघण्याचा हट्ट धरला आणि हे कुटुंब मुंबईत कामाठीपुऱ्यात येऊन राहिले, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. घरची गरिबी पराकोटीची होती. आसपासची मुले कारखान्यात जाऊन चार पैसे मिळवतात, म्हणून आपणही जावे असे या मुलाच्या मनात आले, तेव्हा आईने त्याला अडवले. आज मिळणारे तीन-चार रुपये आयुष्यभर तीन-चारच राहतील, गरिबी घालवायची असेल तर शीक, असे तिने बजावले. ही आठवण ते अखेरपर्यंत सांगत असत. पुढे त्यांनी जोगेश्वरीच्या इस्माईल युसूफ महाविद्यालयातून पदवी घेतली, स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले आणि ते अध्यापनात आले.

त्यांच्या लहानपणाची आणखी एक गोष्ट त्यांच्याच तोंडून प्रसिद्ध झालेली आहे. घराजवळच्या कब्रस्तानात रात्री एकटे बसून हा मुलगा दिवसभरात पाहिलेल्या माणसांच्या नकला मोठमोठ्याने करत असे. तिथेच अश्रफ खान नावाच्या एका रंगकर्मीच्या नजरेस तो पडला आणि त्यांनी त्याला नाटकात घेतले. ‘मुकद्दर का सिकंदर’ (१९७८) ज्यांनी पाहिला आहे त्यांना कब्रस्तानातील तो प्रवेश आठवत असेल. आईच्या कबरीपाशी रडणाऱ्या पोराला एक फकीर भेटतो आणि दुःखाकडे पाहून हसायला शिकवतो. ते संवाद कादर खान यांनी लिहिले आणि फकिराची भूमिकाही त्यांनीच केली. पडद्यावर ते फार थोडा वेळ दिसतात, पण नायकाचा पुढचा सगळा स्वभाव त्या थोड्या वेळात ठरून जातो. लेखकाला स्वतःच्या आयुष्यातली जागा सापडली आणि नटाने ती स्वतः उभी केली, असा योग आपल्याकडच्या धंदेवाईक चित्रपटात क्वचितच आलेला आहे. म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना नट वेगळा आणि लेखक वेगळा असे करता येत नाही.

महाविद्यालयात असतानाच ते नाटके लिहीत, बसवत आणि त्यांत कामेही करत. ‘ताश के पत्ते’ या त्यांच्या नाटकाची कीर्ती जुने विनोदी नट आगा यांनी दिलीपकुमार यांच्या कानावर घातली. दिलीपकुमार यांनी ते नाटक स्वतः येऊन पाहिले आणि या प्राध्यापकाला ‘सगिना’ व ‘बैराग’ या आपल्या चित्रपटांत भूमिका दिल्या. दुसरीकडे ‘लोकल ट्रेन’ या नाटकाला स्पर्धेत बक्षिसे मिळाली आणि परीक्षकांपैकी नरेंद्र बेदी यांनी त्यांना ‘जवानी दीवानी’चे (१९७२) संवाद लिहायला सांगितले. क्रॉस मैदानावर मुले चेंडू खेळत असताना एका बाजूला बसून आपण काही तासांत ते काम केले आणि त्याचे दीड हजार रुपये मिळाले, असे ते सांगत. त्यानंतर दोनच वर्षांनी मनमोहन देसाई यांनी ‘रोटी’च्या संवादांसाठी त्यांना लाखाच्या वर रक्कम दिली. देसाई हे खेतवाडीत वाढलेले, पुढे नाव झाल्यावरही ती वस्ती न सोडणारे दिग्दर्शक होते. आपल्या चित्रपटातली माणसे कागदी उर्दू बोलतात आणि खेतवाडीत तसे कोणी बोलत नाही, हे त्यांना कळत होते. कामाठीपुऱ्यातून आलेला लेखक त्यांना नेमका त्याच वेळी भेटला.

इथे मला मराठी वाचकांच्या दृष्टीने थोडे थांबायचे आहे. कामाठीपुऱ्याचे नाव घेतले की एकाच व्यवसायाची आठवण काढण्याची आपली खोड आहे. वास्तविक त्या वस्तीचे नावच तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडले आहे. त्या गल्ल्यांतून तेलुगू, दखनी, उर्दू, गुजराती, कोकणी आणि घाटावरची मराठी एकाच नळावर भरली जात होती. त्यातून जी बोली तयार झाली तिला आपण ‘बंबईया’ म्हणतो आणि ती हिंदीची बिघडलेली पोर आहे असे समजून हसतो. त्या बोलीतला ‘आपुन’ हा आपला ‘आपण’ आहे, ‘येडा’ आपला आहे आणि ‘वाट लागणे’ तर उघडच आपले आहे. ‘अमर अकबर अँथनी’मधला अँथनी १९७७ साली जी भाषा बोलला ती गिरगाव, भायखळा, माझगाव या पट्ट्यातल्या माणसांनी रोज ऐकलेली होती. मात्र तोवर ती भाषा पडद्यावर नोकर, टांगेवाला किंवा दारूवाला अशा दुय्यम पात्रांपुरतीच असे. ती नायकाच्या तोंडी गेली, तीही त्याचा मान न घालवता. या बदलाचे श्रेय देसाई, बच्चन आणि कादर खान या तिघांना मिळून द्यावे लागेल, हे मी मान्य करतो. परंतु आपण ते देताना तिसरे नाव नेहमीच गाळतो.

श्रेय गाळले जाण्याचे एक कारण हिंदी चित्रपटाच्या व्यवस्थेतच आहे. तिथे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात. ‘अमर अकबर अँथनी’चेच पाहा. त्याची पटकथा प्रयाग राज यांची, प्रसंगांच्या बांधणीसाठी के. के. शुक्ला यांचे नाव आणि संवाद कादर खान यांचे. बोलपट आला तेव्हापासून संवाद लिहिण्यासाठी ‘मुन्शी’ ठेवण्याची पद्धत होती. मुन्शीने उर्दू नीट करून द्यायचे आणि बाजूला व्हायचे, अशी त्यामागची समजूत होती. ती समजूत पन्नास वर्षांनंतरही फारशी बदलली नव्हती. सलीम-जावेद यांनी ‘जंजीर’च्या वेळी मुंबईतल्या पोस्टरांवर पेंटरकडून आपली नावे रंगवून घेतली होती, हे प्रसिद्ध आहे. ते त्यांनी केले म्हणून आज आपण त्यांना ओळखतो. कादर खान यांनी तसे काही केले नाही. त्यांचा चेहराच पडद्यावर दिसत असल्यामुळे त्यांना प्रसिद्धी कमी पडली असे कोणाला वाटले नाही, आणि पुढे तोच चेहरा त्यांच्या लेखनाच्या आड आला.

आपल्या लेखात ‘सलीम-जावेद यांनी घडवलेला अमिताभ’ असा उल्लेख एका ठिकाणी आला आहे. तो अर्धाच बरोबर आहे. ‘दीवार’मधला किंवा ‘काला पत्थर’मधला, ओठ मिटून आतल्या आत धुमसणारा नायक निःसंशय त्या जोडीचा आहे. परंतु बच्चन यांचा दुसराही एक अवतार आहे. तो बडबडा आहे, दारू प्यायला की तत्त्वज्ञान सांगतो, श्रीमंतांच्या मेजवानीत घुसून त्यांची फजिती करतो आणि स्वतःच्या अनाथपणावरही विनोद करतो. ‘लावारिस’, ‘नसीब’, ‘नमक हलाल’, ‘कुली’ आणि ‘शराबी’ या चित्रपटांतला हा नायक ज्यांच्या वाक्यांवर उभा आहे ते कादर खान आहेत. त्या काळी मनमोहन देसाई आणि प्रकाश मेहरा यांचे दोन गोट होते, एकमेकांशी चढाओढ करणारे. बच्चन दोन्हीकडे होते आणि लेखणी घेऊन दोन्हीकडे वावरणारे कादर खानही होते. आमच्या पिढीच्या मनात बच्चन यांची जी प्रतिमा आहे तिच्यातले हसणे बव्हंशी या माणसाने लिहिलेले आहे.

‘नमक हलाल’मधील इंग्रजीच्या परीक्षेचा प्रसंग उदाहरणादाखल घेतो. खेड्यातून आलेला अर्जुनसिंग आपल्याला इंग्रजी येते हे सिद्ध करण्यासाठी क्रिकेटचे धावते वर्णन सुरू करतो. १९२९ साली मेलबर्नच्या मैदानावर भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया सामना चालू आहे आणि विजय मर्चंट व विजय हजारे खेळपट्टीवर आहेत, असे तो ठोकून देतो. चित्रपटगृहात लोक त्याच्या इंग्रजीला हसतात, आणि ते योग्यच आहे. पण क्रिकेटचे थोडे वेड असलेल्या माणसाला त्याखाली दडलेला दुसरा विनोद दिसतो. भारत पहिला कसोटी सामना खेळला तोच १९३२ साली, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला तो १९४७-४८ मध्ये, आणि १९२९ साली सांगलीचे आमचे विजय हजारे अवघे चौदा वर्षांचे होते! गड्याला इंग्रजी जेवढे येते तेवढाच इतिहास येतो, पण त्याच्या बोलण्यातला आत्मविश्वास इतका पक्का आहे की समोरचा सुशिक्षित साहेब गप्प बसतो. शिकलेल्या माणसाच्या तोऱ्याची खिल्ली उडवायची तर अशी. बच्चन यांनी हा प्रसंग अजोड केला, यात वाद नाही. पण चांगल्या नटालाही हातात काहीतरी द्यावे लागते. आमच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर स्लॅब ओतल्यावर आतली सळई दिसत नाही, म्हणून ती बिलातून कोणी वगळत नाही.

‘अग्निपथ’चेही (१९९०) असेच आहे. पोलीस आयुक्तासमोर बसून नायक आपले पूर्ण नाव सांगतो, तो प्रसंग आजही लहान मुले करून दाखवतात. स्वतःचे नाव, मग बापाचे, मग आडनाव आणि त्यानंतर गाव मांडवा, ही मांडणी आपल्याकडच्या सातबाऱ्यातली आणि शाळेच्या दाखल्यातली आहे. उत्तरेकडच्या माणसाला नावात बापाचे नाव घालण्याची सवय नसते. नायकाच्या सगळ्या सूडकथेचा गाभा बापाच्या गेलेल्या अब्रूत आहे. ते नाव त्याच्या स्वतःच्या नावाच्या मधोमध बसलेले आहे आणि ओळख सांगायची म्हटले की त्याला ते उच्चारावेच लागते. या चित्रपटासाठी बच्चन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संवाद कादर खान यांचे होते. काबूलमध्ये जन्मलेल्या आणि उर्दूत लिहिणाऱ्या माणसाला मराठी मुलखातल्या नावाचे वजन एवढे नेमके कळावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

आता त्यांच्या अभिनयाकडे येतो. आपल्या लेखाने तोही फार उशिरापासून मोजला आहे. पडद्यावर ते आधी खलनायक म्हणून उभे राहिले. १९७७ सालच्या ‘खून पसीना’मधला जालिमसिंग आणि ‘परवरिश’मधला सुप्रिमो, पुढे ‘कुली’मधला जफर ही त्यांची त्या काळची कामे. या सगळ्यांत त्यांचा आवाज हेच मोठे हत्यार होते. शब्द न् शब्द वेगळा ऐकू येईल असा स्पष्ट उच्चार, वाक्याच्या शेवटी स्वर खाली न सोडण्याची सवय आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारी फेक त्यांच्यापाशी होती. ती रंगभूमीची शिकवण म्हणायची की मास्तरकीची, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत अर्थातच दुसऱ्या बाजूला झुकते.

खलनायकी सोडण्याचे कारण त्यांनी सांगितले आहे, ते फार घरगुती आहे. तुझा बाप शेवटी मार खातो असे मुलाला शाळेत चिडवत, त्यावरून मारामाऱ्या होत आणि एक दिवस मुलगा जखमी होऊन घरी आला. त्यानंतर त्यांनी विनोदाची वाट धरली. १९८३ साली आलेल्या ‘हिम्मतवाला’मधला मुनीम हा त्या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा. संवाद त्यांचेच आणि मुनीमही तेच. मालकापुढे वाकलेली पाठ कुळांपुढे ताठ होते आणि मालकाची बोलण्याची ऐट हा मुनीम उसनी आणून मिरवतो. असा माणूस आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. लेखकाने त्याला शब्द दिले आणि नटाने चाल दिली. त्या चित्रपटाच्या यशानंतर दक्षिणेतल्या निर्मात्यांनी जितेंद्र यांना घेऊन हिंदी चित्रपटांची रांगच लावली. ‘मवाली’, ‘जस्टिस चौधरी’, ‘तोहफा’, ‘मकसद’ अशा त्या रांगेत कादर खान संवादाच्या पाटीवरही होते आणि पडद्यावरही.

या काळातले त्यांचे सगळेच लेखन मला आवडते असे मुळीच नाही. त्यातला बराचसा विनोद कमरेखालचा आहे, बायकांना उद्देशून केलेली वाक्ये आज घरात बसून ऐकवत नाहीत आणि तोतरेपणा किंवा बहिरेपणा यांवर हशा मिळवण्याचा सोपा मार्ग त्या चित्रपटांनी पुनःपुन्हा वापरला. एका हाताने इतके चित्रपट लिहिले की त्याच त्या यमकांचा आणि म्हणींचा रतीब लागतो, तसा तो लागलाही. ज्याने ‘मुकद्दर का सिकंदर’ लिहिला त्याने हेही लिहावे, याचे तेव्हाही वाईट वाटले होते. परंतु त्यांची बाजू मांडताना एवढे म्हणता येईल की, या कामाला मागणी होती, आम्ही तिकीट काढून ते पाहत होतो आणि शिट्ट्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

नव्वदच्या दशकात डेव्हिड धवन आणि गोविंदा यांच्याबरोबर त्यांनी जे केले त्याकडे मात्र आपल्या लेखाने दाखवले त्यापेक्षा अधिक बारकाईने पाहायला हवे. ‘आँखें’, ‘राजा बाबू’, ‘कुली नं. १’, ‘साजन चले ससुराल’, ‘हीरो नं. १’ या चित्रपटांत गोविंदा सतत हलत असतो, नाचत असतो, वेषांतरे करत असतो. अशा नटाला समोर एक स्थिर माणूस लागतो. तमाशात सोंगाड्याचा विनोद समोरच्या सरदारामुळे फुलतो, सरदारच फिसकन हसला की वगाची मजा गेली. कादर खान यांनी ही सरदाराची जागा सांभाळली. ‘कुली नं. १’मधला होशियारचंद स्वतःला फार हुशार समजतो आणि मुलींसाठी श्रीमंत जावई शोधण्याच्या हव्यासापायी फसतो. तो फसतो तेव्हा आपल्याला त्याची दया येत नाही, कारण कादर खान त्याची हाव कोठेही सौम्य करत नाहीत. ‘दुल्हे राजा’मध्ये (१९९८) ते आलिशान हॉटेलचे मालक आहेत आणि हॉटेलच्या दारातच गोविंदाने ढाबा थाटला आहे. या चित्रपटाचे संवाद त्यांचे नव्हते. म्हणून तो मी मुद्दाम निवडला. दुसऱ्याने लिहिलेले वाक्यही ते लेखकाच्या कानाने ऐकत, कुठल्या शब्दानंतर हशा येणार हे त्यांना आधी कळे आणि त्या शब्दापर्यंत ते स्वतः गंभीर राहत. समोरच्याची थट्टा पूर्ण होईपर्यंत ते चेहऱ्यावर काहीही उमटू देत नाहीत, आणि मग नुसती मान वळवतात. ती मान वळवणे मला कित्येक विनोदी नटांच्या आरडाओरड्यापेक्षा मोठे वाटते.

त्यांना केवळ हशासाठी उभे केले जाई, असेही नाही. ‘जैसी करनी वैसी भरनी’मधला म्हातारा बाप आठवावा. किंवा ‘अंगार’ (१९९२) पाहावा. त्यात ते गुन्हेगारी जगातले वजनदार पठाण आहेत आणि नाना पाटेकर त्यांचे वाया गेलेले चिरंजीव. बापलेकांचे खटके इतके जिवंत उतरले आहेत की चित्रपटाची मुख्य कथा बाजूला पडते. ‘अंगार’च्या संवादांसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्याआधी ‘मेरी आवाज सुनो’च्या संवादांसाठी मिळाला होता आणि ‘बाप नंबरी बेटा दस नंबरी’साठी सर्वोत्कृष्ट विनोदी नटाचा. लेखनासाठी दोन आणि विनोदासाठी एक, हा हिशेब आपल्या लेखातल्या एका वाक्याशी ताडून पाहावा. ३१ डिसेंबर २०१८ रोजी कॅनडात त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, २०१९च्या प्रजासत्ताक दिनी, त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. उशीर झाला, याहून अधिक त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

हे सारे हिंदीपुरतेच आहे असे समजून आपण मराठी माणसांनी हात झटकू नयेत. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य आज मोबाइलवर फिरत नाही असा आठवडा जात नाही. ते म्हणणाऱ्या नटांची नावे सातवीतले पोरही सांगेल. ‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद वसंत सबनीस यांनी लिहिले, हे मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर जमलेल्या दहा-बारा जणांना विचारून पाहिले, तेव्हा एकालाच ठाऊक होते, आणि तो गृहस्थ हौशी नाटकमंडळीतला निघाला. ‘विच्छा माझी पुरी करा’चा लेखक, ‘सोंगाड्या’चा लेखक, एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या वाक्यांवर रोज हसणाऱ्यांना त्याचे नाव माहीत नाही. मग कादर खान यांच्यासाठी गळा काढण्याचा अधिकार मला कितपत आहे, असाही प्रश्न त्या रात्री मनात आला.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या शुक्रवारच्या चित्रपट परीक्षणांसोबत जी चौकट असते तिच्यात निर्माता, दिग्दर्शक, कलावंत, संगीत, छायाचित्रण आणि कधी कधी साहसदृश्यांचे संयोजकही असतात. पटकथा आणि संवाद यांची नावे मी गेल्या दोन महिन्यांच्या कात्रणांत शोधली, ती चारच वेळा सापडली. चौकटीत यासाठी फार तर एक ओळ वाढेल. परीक्षण लिहिणाऱ्या मंडळींनी ‘संवाद खुसखुशीत आहेत’ असे जेव्हा लिहावे, तेव्हा ते कोणाचे आहेत हेही त्याच वाक्यात लिहावे. घरी पाहण्याच्या सोयीमुळे हल्ली श्रेयनामावली सुरू होताच पडद्यावर पुढचा चित्रपट येऊन आदळतो. त्यामुळे नाव वाचण्याची जी एक जागा होती, तीही आता राहिलेली नाही. अशा वेळी वृत्तपत्राने ती जागा द्यावी, एवढीच अपेक्षा आहे.

पत्र लांबले, त्याबद्दल क्षमस्व. जागेअभावी संपूर्ण छापणे शक्य नसेल तर वरचा सारा मजकूर गाळला तरी चालेल. पुढच्या रविवारच्या पुरवणीत त्या चौकटीपुरती दुरुस्ती मात्र अवश्य छापावी : ‘शराबी’ (१९८४), दिग्दर्शक प्रकाश मेहरा, संवाद कादर खान.

आपला नम्र,
एक निवृत्त अधिव्याख्याता,
डोंबिवली (पूर्व)